फोटोच्या मागची भिंत

आपल्याकडच्या आधुनिक वास्तुकलेचा इतिहास उघडला, की त्यातली नावं ठरलेली असतात. ल कॉर्ब्युझिएचं चंदीगड, बाळकृष्ण दोशींचं अहमदाबाद, चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा. कोकणातल्या आचऱ्याला जन्मलेले आणि हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली शिकून आलेले अच्युत कानविंदे, त्यांचं कानपूरचं आयआयटी. पुण्यापुरतं बोलायचं तर विद्यापीठाच्या आवारातली कोरियांचीच 'आयुका'. या वास्तू थोर आहेत, याबद्दल दुमत नाही. पण मराठी मध्यमवर्गातली बहुसंख्य माणसं त्यांत राहिली नाहीत. ती राहिली तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतींत. जिन्याला सिमेंटची जाळी, घरात मोझॅकची फरशी, खिडकीवर हातभर सज्जा, वर सगळ्यांची मिळून एक गच्ची. वाड्यातून फ्लॅटमध्ये आलेल्या दोन पिढ्यांच्या दृष्टीने हीच आधुनिक वास्तुकला होती. तिचा इतिहास कुठे लिहिलेला आहे?

मी वास्तुविशारद नाही. मार्केट यार्डातल्या एका आडत गाळ्यावर हिशेब लिहिण्यात माझी जवळजवळ तीस वर्षं गेली. कला, छायाचित्रण, वास्तुरचना यांबद्दल जे काही कळलं ते ग्रंथालयांतून, रद्दीतून आणि डोळे उघडे ठेवून फिरण्यातून. बिबवेवाडीत मी लहानाचा मोठा झालो, आणि अजून तिथेच राहतो. अप्पर डेपोच्या बसमध्ये बसून खिडकीतून बघितलं, तर सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या सोसायट्या एकामागून एक पत्र्याच्या कुंपणाआड जाताना दिसतात. कुंपणावर नव्या बावीस मजल्यांचं चित्र असतं. आतल्या जुन्या तीन मजल्यांचं चित्र मात्र कुणाकडेच नसतं. हे चित्र कुठे सापडू शकेल, याचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

चिपांची फरशी

सुरुवात पायाखालून करू. मोझॅक म्हणतो ती टाइल दोन थरांची असते. वरचा थर सिमेंट, रंगाची पूड आणि संगमरवराच्या चिपा यांचा, खालचा थर सिमेंट आणि वाळूचा. साच्यात घालून यंत्राने जबरदस्त दाब द्यायचा, मग काही दिवस पाण्यात मुरू द्यायची. साइटवर बसवल्यावर खरं काम सुरू होई. घासायचं यंत्र आणून, पाणी सोडत, आधी खरखरीत आणि मग बारीक दगडाने घासत जायचं. राखाडी चिखल वाहू लागे आणि त्याखालून चिपा उघड्या पडत. मधली छिद्रं सिमेंटच्या पातळ लेपाने भरायची, पुन्हा घासायचं, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पॉलिश. म्हणजे ही फरशी कारखान्यात अर्धी आणि घरात अर्धी तयार होत असे. तिचं रूप घासणाऱ्याच्या हातावर ठरे.

या तंत्राचं मूळ इटलीत, व्हेनिसच्या परिसरात. संगमरवर कापताना उरलेल्या तुकड्यांचं काय करायचं, या प्रश्नाचं ते कारागिरांनी दिलेलं उत्तर होतं. आपल्याकडे सिमेंटच्या टाइलचा उद्योग स्वदेशीच्या हवेत वाढला. १९२२ साली फिरोजशा सिधवांनी मुंबईत सुरू केलेल्या कंपनीचं नावच 'भारत' होतं, आणि परदेशी टाइलला तोडीस तोड माल देशात करून दाखवणं हा तिचा हेतू होता. पुढे गावोगाव छोटे कारखाने निघाले. भारतीय मानक संस्थेने या फरशीचं प्रमाण ठरवून दिलं. आयएस १२३७ या क्रमांकाच्या त्या मानकात वीस, पंचवीस आणि तीस सेंटिमीटर अशी चौरसाची मापं आहेत. तुमच्या घरात अजून मोझॅक असेल, तर पट्टी लावून पाहा. बहुधा यांपैकीच एखादं माप निघेल.

मला या फरशीत एक गोष्ट नेहमी विलक्षण वाटत आली. ती पूर्णपणे अमूर्त आहे. वाड्यातल्या नक्षीत वेल होती, कमळ होतं, गणेशपट्टी होती. मोझॅकमध्ये काहीच नाही. पांढरे, काळे, विटकरी तुकडे कुणी मांडल्याशिवाय पडलेले, आणि तरीही एकूण समतोल साधलेला. अमूर्त चित्र पाहून "यात काय कळायचं?" असं विचारणारी आमची माणसं रोज सकाळी एका अमूर्त पृष्ठभागावर बसून चहा पीत होती. कुणालाही त्याचा त्रास झाला नाही, उलट दुपारी आडवं पडून त्या चिपांत चेहरे आणि नकाशे शोधणं हा आमच्या पिढीचा सुट्टीतला खेळ होता.

इथे प्रभाकर बरवे आठवतात. १९३६ साली नागावला जन्मलेले बरवे जे. जे.मधून बाहेर पडल्यावर विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला आणि नंतर मुंबईत. म्हणजे कापडासाठी नक्षी करणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग होता. पुढे त्यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरला. दारं, खिडक्या, ग्रील रंगवायला आपण डबा आणतो, तोच हा रंग. घड्याळ, पान, किल्ली अशा घरातल्या वस्तू त्या सपाट, चकचकीत रंगात एकमेकींपासून अंतर राखून उभ्या राहिल्या. बरव्यांची चित्रं मला पहिल्यांदा कळू लागली, ती कोणत्या सिद्धान्तामुळे नव्हे. तो रंग आणि तो सपाटपणा आमच्या घराच्या दारावर आधीपासून होता, म्हणून. कलादालनातली आधुनिकता आणि बिऱ्हाडातली आधुनिकता यांचं साहित्य एकाच दुकानातून येत होतं.

परवान्याचं सिमेंट

या इमारती इतक्या साध्या का, याचं उत्तर अनेकदा 'पैसे नव्हते' एवढ्यावर संपवलं जातं. ते अपुरं आहे. सिमेंटही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धापासून, मधला थोडा काळ सोडला, तर सिमेंटच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होतं. घर बांधायचं तर सिमेंटचा परवाना लागे, आणि परवाना मिळाला तरी पोती वेळेवर मिळतीलच असं नसे. महाराष्ट्रात या टंचाईचं राजकारण किती टोकाला गेलं, हे वाचकांना ठाऊक आहे. बिल्डरांना झालेलं सिमेंटवाटप आणि एका प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावर उच्च न्यायालयाने ठपका ठेवला, आणि जानेवारी १९८२मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना पद सोडावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झालं, आणि १९८९मध्ये पूर्णतः.

हा तपशील डोळ्यांसमोर ठेवून जुन्या इमारतीकडे बघितलं, की तिचा प्रत्येक अवयव बोलू लागतो. खोली दहा बाय बारा, कारण स्लॅबचा गाळा लहान ठेवला की सळई आणि सिमेंट दोन्ही कमी लागतं. बऱ्याच ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा न करता विटांच्या जाड भिंतींवरच भार दिलेला असतो, त्यालाही हेच कारण. एका घराचं स्वयंपाकघर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर, मोरीवर मोरी, म्हणजे नळ सरळ उभे जातात. बाहेरून नक्षी नाही, गिलाव्यात ओढलेल्या चार खाचा असतात. पाश्चात्त्य आधुनिकांनी अलंकार टाकला तो तत्त्व म्हणून. आमच्या गवंड्यांनी टाकला तो पोती मोजून. पण निष्पत्ती आश्चर्यकारकरीत्या सारखी आहे: गरजेपुरतं बांधायचं आणि जे बांधलं ते लपवायचं नाही.

जिन्याची जाळी

या काटकसरीतून निघालेली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे जिन्याची जाळी. लाकडी किंवा लोखंडी साच्यात सिमेंटचे ठोकळे ओतायचे, वाळले की विटांसारखे रचायचे. खिडकीची सागवानी चौकट नको, काच नको, कडी-बिजागरी नको, रंगही नको. उजेड येतो, वारा येतो, आणि खालून बघणाऱ्याला जिन्यातलं माणूस स्पष्ट दिसत नाही.

दगडी जाळी आपल्याकडे शतकानुशतकं आहे. पण सिमेंटची ही जाळी जगभर गाजली ती पन्नाशीच्या दशकात. दिल्लीत १९५९ साली सुरू झालेल्या अमेरिकी वकिलातीच्या इमारतीला एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुविशारदाने चहूबाजूंनी जाळीचा पडदा दिला, आणि त्याची छायाचित्रं देशोदेशीच्या मासिकांतून फिरली. चंदीगडला कॉर्ब्युझिएने उन्हाला अडवणारे खोल कप्पे इमारतींच्या दर्शनी भागावर आणले. यातलं काय आणि किती आमच्या कंत्राटदारापर्यंत पोचलं असेल, हे महत्त्वाचं नाही. उष्ण प्रदेशात कमी खर्चात सावली आणि हवा कशी मिळवायची, हा प्रश्न दिल्लीच्या वकिलातीपुढे होता तोच बिबवेवाडीच्या सोसायटीपुढे होता.

जाळीचे तोटेही सांगितले पाहिजेत. पावसाळ्यात पायऱ्या ओल्या होतात. कबुतरं घरटी करतात, म्हणून पुढे बहुतेक जाळ्यांवर नायलॉनचं जाळं चढलं, काही ठिकाणी मागून पत्रा ठोकला गेला. पण दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेच्या जिन्यात उभं राहावं. प्रत्येक पायरीवर उन्हाचे चौकोन पडतात आणि पायरीगणिक मोडतात. हे दृश्य कुणी ठरवून रचलेलं नव्हतं. ठोकळा निवडणाऱ्याने फक्त दर विचारला होता.

क्लिक थ्री आणि त्याचा उजेड

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मोठ्या इमारतींना छायाचित्रकार मिळाले. कॉर्ब्युझिएला १९४९पासून ल्यूसियाँ एर्व्हे मिळाला. तो १९५५मध्ये चंदीगड आणि अहमदाबादला येऊन गेला, आणि त्याने टिपलेल्या काळ्या सावल्या आणि पांढऱ्या भिंतीच आज आपल्याला चंदीगड म्हणून आठवतात. मुंबईच्या मित्तर बेदींनी कारखाने, गिरण्या, यंत्रं अशा नव्या भारताच्या वस्तूंना रूप दिलं. आमच्या सोसायट्यांकडे कॅमेरा घेऊन कुणी आलं नाही. मग त्यांचं चित्र उरलं कुठे? माझं उत्तर आहे: घरोघरच्या अल्बममध्ये, माणसांच्या मागे.

गेली काही वर्षं मी आमच्या आणि आसपासच्या सोसायट्यांमधले अल्बम बघतो आहे. सुरुवातीला लोकांना हे चमत्कारिक वाटे. शेजारच्या एका आजींनी मला सुनावलंही, "अहो, मी इकडे उभी आहे, तुम्ही खांब काय बघताय?" पण पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या फोटोंत इमारत भरपूर दिसते, आणि नंतर ती एकाएकी नाहीशी होते. असं का व्हावं?

उत्तर कॅमेऱ्यात आहे. त्या काळी मध्यमवर्गीय घरात असलाच, तर अॅग्फा क्लिक थ्री असे. तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनत होता. शटरचा वेग एकच, आणि ऊन की ढगाळ एवढीच निवड. फिल्मही फार तेज नसे. पुढे आपली 'इंदू' फिल्म आली, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची. अशा कॅमेऱ्याने घराच्या आत, ट्यूबलाइटखाली फोटो निघत नाही. उजेड हवा, म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं: गॅलरीत, जिन्यात, गच्चीवर, फाटकाशी. जवळून फोटो धूसर येई, म्हणून काढणारा काही पावलं मागे सरके. रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून प्रत्येकात जास्तीत जास्त माणसं, पायांपासून डोक्यापर्यंत. या तीन अडचणींचा परिणाम असा, की माणसांसोबत जमीन, भिंत, कठडा, जाळी सगळं चौकटीत आलं. कॅमेऱ्याच्या उणिवांनी इमारतींची नोंद केली.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॅशचे कॅमेरे घरोघरी आले. 'हॉट शॉट' हे त्यातलं सगळ्यांना आठवणारं नाव. फ्लॅशचा उजेड अंतरागणिक झपाट्याने कमी होतो. माणूस सहा फुटांवर आणि भिंत बारा फुटांवर असेल, तर भिंतीला माणसाच्या चौथा हिस्सा उजेड मिळतो. चेहरे पांढरे, डोळे लाल, मागे अंधार. शिवाय आता घरातच फोटो निघू लागल्यावर गॅलरीत जायची गरज उरली नाही. वाढदिवसाचा केक, शोकेस, टीव्ही दिसतात. इमारत अल्बममधून बाहेर पडली.

म्हणून दहा-पंधरा वर्षांचा तो टप्पा मोलाचा. त्यातून काय काय वाचता येतं, याची काही उदाहरणं देतो. मुंजीचा गच्चीवरचा फोटो असेल, तर मागे अँटेना दिसतात. १९७३पासून पुण्याला दूरदर्शन दिसू लागलं ते सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे, त्यामुळे आमच्याकडच्या अँटेनांची तोंडं नैर्ऋत्येला असत. फोटो कोणत्या दिशेने काढला, आणि मागे दिसणारं मोकळं रान आजच्या कोणत्या चौकाचं, हे त्यावरून कळतं. नव्या चेतक स्कूटरला हार घातलेल्या फोटोत फाटकावरचं सोसायटीचं नाव दिसतं. सिमेंटमध्ये उठावदार घडवलेली ती अक्षरं गवंड्याची. शिरोरेघ म्हणजे एक सलग पट्टी, आणि अक्षरं तिला टांगलेली, कारण सुटी अक्षरं पडतील ही भीती. देवनागरीच्या सुलेखनावर आपल्याकडे थोडंफार लिहिलं गेलं आहे, पण या थापीने काढलेल्या अक्षरांकडे कुणाचं लक्ष गेल्याचं मला दिसलं नाही. आणि एकाच गॅलरीतले वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी ठेवले, तर ती आधी उघडी, मग ग्रीलची, मग सरकत्या काचांची होत शेवटी खोली झालेली दिसते. कुटुंब वाढल्याची हकिगत याहून नेमकी कुठे वाचायला मिळेल?

चाळिशीत मरणाऱ्या इमारती

२०१८ साली मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिलं. यातल्या आर्ट डेको इमारती आठवा. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरच्या त्या बऱ्याचशा राहत्या इमारती आहेत. १९३०-४०च्या दशकांत त्या उठल्या तेव्हा त्याही नव्या पद्धतीचे सिमेंटचे फ्लॅट होते, स्मारकं नव्हती. त्यांच्याकडे वारसा म्हणून बघायला समाजाला सत्तर-ऐंशी वर्षं लागली, आणि तोवर त्या उभ्या राहिल्या म्हणून ते शक्य झालं. त्यांच्या मागे नोंदी करणारी, फोटो काढणारी हौशी आणि अभ्यासू माणसंही होती.

आमच्या इमारतींना ती सवलत नाही. त्या चाळीस-पन्नासाव्या वर्षीच पाडल्या जात आहेत, म्हणजे 'जुन्या' ठरून 'पुरातन' होण्याआधी. महापालिकेच्या वारसा यादीत वाडे, मंदिरं, इंग्रजी अमदानीतल्या वास्तू असतात, आणि त्या असायलाच हव्यात. १९७८च्या सोसायटीचं नाव तिथे कुणी सुचवणार नाही.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. आमच्या सोसायटीचाही ठराव झाला आहे आणि मी बाजूनेच मत दिलं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्येष्ठांना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. गच्ची गळते, सळया फुगून स्लॅबचे पोपडे पडतात. माणसांनी वारसा जपण्यासाठी पोपड्यांखाली झोपावं, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण पुनर्विकासाची जी कार्यपद्धती शासनाने कलम ७९-अखाली २००९मध्ये आखली आणि २०१९मध्ये सुधारली, तिच्यात सभा, गणसंख्या, सल्लागार, निविदा, चित्रीकरण या सगळ्याची तरतूद आहे. चित्रीकरण सभेचं करायचं. इमारतीचं नाही.

ही उणीव भरून काढायला शासन लागत नाही. इमारत रिकामी करण्याआधी एक रविवार पुरतो. मी आमच्या सभेत मांडलेली यादी इथे देतो, कुणाला उपयोगी पडली तर पडावी. सोसायटीच्या कपाटात मंजूर नकाशाची निळी प्रत असते, ती स्कॅन करावी. प्रत्येक दर्शनी बाजूचा समोरून, सरळ रेषेत एक फोटो घ्यावा, आणि जिन्याचा दुपारच्या उन्हात. फरशीचे जितके प्रकार असतील तितके वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून टिपावेत. जाळीचा एक अखंड ठोकळा आणि मोझॅकची एक टाइल काढून ठेवावी. फाटकावरचं नाव तोडण्याआधी कागद लावून त्याचा ठसा घ्यावा. आणि जमतील तेवढ्या घरांतले जुने फोटो एकत्र करून त्यांच्या प्रती काढाव्यात. सभेत एका सदस्याने विचारलं, याला खर्च किती? हिशेबनीस असल्यामुळे आकडा तयार होता. नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराच्या एका काचेइतकाही नाही. नकाशा आणि ठोकळा यांना मान्यता मिळाली, बाकीचं आम्ही चार जण आपापल्या फोनवर करतो आहोत.

अल्बमचं काम मात्र ज्याचं त्यानेच करायचं आहे, आणि त्याला हा मोसम बरा. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अल्बम खाली येतातच. रंगीत फोटो एव्हाना तांबूस पडले असतील, कृष्णधवल बहुधा ठीक असतील. जुने रोल असतील तर ते टाकू नका, निगेटिव्हमध्ये छापील फोटोपेक्षा जास्त तपशील असतो. घरातली वडीलधारी माणसं समोर आहेत तोवर त्यांना फोटोतल्या माणसांची नावं विचारा, आणि मग एक जास्तीचा प्रश्न विचारा: ही मागची भिंत कुठली? मिळालेलं उत्तर फोटोच्या पाठीवर लिहून ठेवा. वर्ष, इमारतीचं नाव, कोणत्या बाजूचा जिना. पेनने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलीने, दाब न देता.